हलक्या वाऱ्यात विंडफॉइल उठत नाही, उठलं तर वळताना बसतं: बोर्ड बदलायच्या आधी हे तपासा

विंडफॉइल म्हणजे शिडाच्या विंडसर्फ बोर्डाखाली फिनऐवजी (मागच्या उभ्या पातीऐवजी) फॉइल: एक लांब उभा मास्ट आणि त्याच्या टोकाला आडव्या पंखांसारख्या विंग, वेग आला की त्या बोर्डाला पाण्याच्या वर उचलतात. त्यावरचा प्रश्न दरवेळी तोच असतो, विचारणारा तेवढा बदलतो. वारा ८ ते १२ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी), पाणी बऱ्यापैकी सपाट, सगळं जोडून झालंय आणि बोर्ड काही केल्या पाणी सोडत नाही, शेजारचा मात्र तेवढ्याच वाऱ्यात दोन पंप मारून (शीड आणि पायांनी झटके देऊन) वर. दुसरा प्रकार म्हणजे सरळ जाताना मस्त उडतं पण जाइब (वारा पाठीवर घेऊन दिशा बदलणं) घ्यायला गेलं की अर्ध्यात धप्पकन खाली, आणि मग परत पहिल्यापासून सगळं. यानंतरचं वाक्य ठरलेलं, "मोठा बोर्ड घेऊ का, किती लिटरचा घेऊ?"

लिटरचं नंतर बघू. "हलका वारा म्हणजे मोठा आणि रुंद बोर्ड" हा नियम फिनवाल्या विंडसर्फिंगचा आहे आणि तिथं तो बरोबरच आहे, कारण तिथं बोर्ड शेवटपर्यंत पाण्यावरच घसरतो, त्यामुळे त्याचा तळ जेवढा मोठा तेवढा तो लवकर प्लेन होतो, म्हणजे पाण्यावरून घसरायला लागतो. फॉइलवर बोर्डाचं काम पहिल्या काही सेकंदांचं. एकदा वर गेलात की तो हवेत नुसता तुमच्या पायाखाली लटकणारा बोजा असतो आणि वळताना प्रत्येक वेळी तो बोजा तुम्हाला हलवावा लागतो. म्हणून लवकर उठणारं आणि चपळ वळणारं असं दोन्ही हवं असेल तर उठवायचं काम विंगकडे, म्हणजे फॉइलच्या पुढच्या मोठ्या पंखाकडे द्या, आणि बोर्ड तुम्हाला जमेल तेवढा लहान ठेवा. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे, वाद घालायचा तर यावर घाला.

आधी बघा, नेमकं कुठे अडतंय

बोर्डाच्या मागे पाणी कसं सुटतंय ते बघा. स्वतःला मान वळवून बघणं अवघड आहे, त्यामुळे कोणालातरी मागून व्हिडिओ काढायला सांगा, मोबाइलवरचा हलता व्हिडिओही चालेल. टेलच्या (बोर्डाच्या मागच्या टोकाच्या) मागे पाणी खदखदत असेल, फेस बोर्डाबरोबरच ओढला जात असेल आणि नोज (पुढचं टोक) किंचित वर पण टेल पाण्यात रुतलेली असेल तर तुम्ही अजून वेग घेतलेलाच नाही, तिथं फॉइलला दोष देऊन उपयोग नाही. पाणी टेलपासून साफ सुटतंय, बोर्ड हलका झाल्यासारखा वाटतोय, पण तरी वर येत नाहीये, तर अडचण विंगच्या आकारात किंवा फॉइल कुठे बसवलंय यात आहे. वर येतंय आणि दहा-पंधरा मीटरवर परत बसतंय तर बहुतेक वेळा तुम्ही उठल्या उठल्या वाऱ्याच्या दिशेला वर चढताय किंवा पंप थांबवून शीड उघडताय. आणि सरळ उडून फक्त वळताना बसत असेल तर तो पूर्ण वेगळा आजार आहे, त्याच्यावर खाली वेगळं लिहिलंय.

या चारही तक्रारींवर लोक एकच औषध घेतात, मोठा बोर्ड. पहिल्या तक्रारीत त्याचा थोडा उपयोग होतो, बाकी तीनमध्ये जवळपास शून्य, आणि चौथीत तर उलट त्रास वाढतो.

उठायला वेग किती लागतो, जरा आकडे मांडू

समजा तुमचं वजन ७५ किलो. बोर्ड ८, फॉइल ५, शीड-मास्ट-बूम मिळून ८ ते ९, ओले कपडे, हार्नेस वगैरे धरून सगळं साधारण १०० किलो. हे सगळं विंगला उचलायचंय. फॉइलची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि विंगच्या क्षेत्रफळाच्या सरळ प्रमाणात. उठताना विंग बऱ्यापैकी कोनात आहे असं धरून लिफ्टचा गुणांक ०.८ घेतला तर १००० चौरस सेंमीच्या फ्रंट विंगला साधारण साडेनऊ नॉट वेग लागतो, १५०० ला पावणेआठ, २००० ला पावणेसात. विंगचा आकार आणि तुमचा पंप यामुळे आकडा थोडा इकडे तिकडे होईल, पण फरक केवढा आहे ते कळतं.

आता यातली खरी मजा बघा. बोर्ड पाण्यात असतानाच फॉइल भार उचलायला लागतं. उठायच्या वेगाच्या निम्म्या वेगाला पोचलात की एक चतुर्थांश वजन फॉइलवर गेलेलं असतं, ७० टक्के वेगाला जवळपास निम्मं. तुमचा बोर्ड दोन-सव्वादोन मीटर लांब असेल तर साधारण साडेतीन नॉटच्या आसपास तो स्वतःच्याच लाटेत अडकायला लागतो, तो टप्पा पार करताना सगळ्यात जास्त घाम निघतो आणि घोडं अडतं ते नेमकं इथंच. त्या साडेतीन नॉटला २००० च्या विंगने तुमचं पाव वजन आधीच उचललेलं असतं, म्हणजे बोर्डाला १०० ऐवजी ७५ किलोच वाहायचेत. १००० च्या विंगने त्याच वेगाला जेमतेम १३-१४ टक्के उचललेलं असतं. म्हणजे बोर्ड पाण्यात रुततो ही वरवर बोर्डाची दिसणारी तक्रारही पुष्कळदा विंगचीच निघते.

म्हणून ७५ किलोच्या आसपासच्या माणसाला ८-१२ नॉटमध्ये ५ ते ६ चौरस मीटरचं शीड घेऊन खेळायचं असेल तर मी १५०० च्या खालची विंग सुचवतच नाही, आणि १८००-२००० असेल तर जास्त बरं. वेग कमी मिळेल. मिळू दे, आपल्याला शर्यत नाही मारायची.

शर्यतीवरून आठवलं, हा घोळ बराचसा ऑलिंपिक बघून झालाय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला आयक्यूफॉइल (विंडफॉइलचा शर्यतीचा वर्ग) पहिल्यांदा आलं, मार्सेलच्या पाण्यात, आणि ते बघून लोकांच्या डोक्यात बसलं की हलक्या वाऱ्याचा बोर्ड म्हणजे असा. तो बोर्ड ९५ सेंमी रुंद आहे, पुरुषांचं शीड ९ चौरस मीटरचं आणि बायकांचं ८ चं, आणि खाली फ्रंट विंग फक्त ९०० चौरस सेंमीची. ते सगळं एकमेकांसाठी बनलेलं आहे. विंग लहान कारण वरचा वेग हवा, ती उठवायला शीड प्रचंड, आणि ते शीड पेलायला पाय बाहेर काठावर टाकायचे म्हणून बोर्ड रुंद. त्यातला फक्त बोर्ड उचलून त्यावर आपलं साडेपाचचं शीड लावलं तर हातात काय येतं, एक मोठा तराफा.

रुंदी: सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट

रुंदी ठरते शीडावरून. ७ च्या वरची शिडं वापरणार असाल आणि फुटस्ट्रॅप (पाय अडकवायचे पट्टे) अगदी काठाला लावून जोरात जायचं असेल तर ८५ च्या पुढे जा, मला काही म्हणायचं नाही. पण ४.५ ते ६.५ च्या शिडांवर चपळपणे वळायचं असेल तर ७० ते ८० सेंमी पुरतात, हलकी माणसं त्याहूनही खाली जाऊ शकतात.

कारण सांगतो. फॉइलवर वळणं म्हणजे बोर्ड आतल्या बाजूला कलता करणं. बोर्ड कलला की आतली कड खाली येते. तुम्ही पाण्यापासून २० सेंमी वर उडत असाल, आणि हलक्या वाऱ्यात नवीन माणूस साधारण एवढ्याच उंचीवर उडतो कारण विंग पाण्याबाहेर यायची भीती असते, तर ९५ सेंमी रुंद बोर्डाची कड साधारण २५ अंश कलल्यावर पाण्याला लागते. ७२ सेंमीच्या बोर्डाला तेच ३४ अंशांपर्यंत जाता येतं. हा बोर्डाच्या सगळ्यात रुंद भागाचा हिशेब आहे, आणि कडेला खालून तिरका छेद दिलेला असेल तर अजून थोडी मोकळीक मिळते. पण नऊ-दहा अंशांचा फरक म्हणजे एक मोठं लांबलचक वळण आणि एक घट्ट वळण यातला फरक. कड पाण्याला लागली की ती ब्रेक लावते, आणि ८ नॉटच्या वाऱ्यात तो गेलेला वेग परत मिळवायला कुठून आणणार?

दुसरं असं, रुंद बोर्डावर तुम्ही मधे उभे राहिलात तर कलायला जोर पुरत नाही आणि काठावर गेलात तर छोट्या शिडाचा ओढ तुम्हाला तोलून धरत नाही, मग फॉइल वाऱ्याकडच्या बाजूला तुमच्या अंगावरच झुकतं. पाय टाकायचे कुठे हाच प्रश्न पडतो. त्यामुळे आधीच रुंद बोर्ड घेऊन बसला असाल तर तो लगेच विकू नका, आधी स्ट्रॅप सगळ्यात आतल्या भोकांवर आणा किंवा मागचे काढूनच टाका आणि चार दिवस असं चालवून बघा. निम्म्या लोकांची "बोर्ड वळत नाही" ही तक्रार एवढ्यावर मिटते.

लिटर: उडण्यासाठी नाही, परत येण्यासाठी

एक लिटर म्हणजे ढोबळमानाने एक किलो तरंगतं, खाऱ्या पाण्यात अडीच टक्के जास्त. आपण वर १०० किलो धरलेत, म्हणजे १०० लिटरच्या बोर्डावर तुम्ही शांत उभे राहिलात तर बोर्ड अगदी पाण्याच्या पातळीला येऊन डुचमळत राहणार. त्यावर उभं राहून अपहॉलने (पाण्यात पडलेलं शीड वर ओढायच्या दोरीने) शीड ओढायचं म्हणजे सर्कस. छोटं शीड आणि ८ नॉट वारा यात वॉटरस्टार्ट (पाण्यात पडल्या पडल्या शिडाच्या जोरावर बोर्डावर चढणं) होत नाही, शीड तुम्हाला पाण्यातून उचलतच नाही, त्यामुळे अपहॉल जमलंच पाहिजे. म्हणून एकूण वजनाच्या वर २० ते ३० लिटर, म्हणजे ७५ किलोच्या माणसाला १२० ते १३०. ९० किलोच्या माणसाला १४०-१५०. ६० किलोला १०५-११५ पुरेल.

वारा पडला की हेच लिटर तुम्हाला काठावर आणतात. फॉइलचा एक फायदा सांगायचा राहतो नेहमी, खाली फॉइलचा तो खोल मास्ट असल्यामुळे बोर्ड न उडताही तो आडवा वाहत जात नाही, डॅगरबोर्डसारखं (होडीखालच्या उभ्या फळीसारखं) काम होतं, आणि डुलणंही कमी होतं, त्यामुळे रांगत रांगत का होईना पण वाऱ्यावर चढून परत येता येतं. अट एकच, उभं राहता आलं पाहिजे.

याच्यापेक्षा जास्त लिटर घेतले तर लवकर उडाल असं मात्र अजिबात नाही. १३० चा १६० केला तर तरंगणं निवांत होतं, बाकी काही नाही, आणि जाडी वाढते.

लांबी आणि टेल

लांबीचं थोडक्यात. त्याच वजनाचा २२० सेंमीचा बोर्ड १८० सेंमीच्या बोर्डापेक्षा फिरवायला साधारण दीडपट जड लागतो, कारण टोकांना असलेलं वजन लांबीच्या वर्गाने बोलतं. हे पाण्यावर जाणवत नाही, हवेत जाणवतं. पंप करतानाही जाणवतं, नोज खाली-वर करायला पाय दुखतात. पण फार आखूड केला तर पाण्यात असताना तो आधीच मंद असतो, आणि नोजवर शिडाचं वजन पडलं की नाक खुपसतो. १९० ते २१० ही मला सगळ्यात तडजोडीची जागा वाटते, ज्यांची विंग मोठी आहे आणि पंप चांगला आहे ते अजून खाली जातात.

टेलकडे मात्र नीट बघा, कारण दुकानात बोर्ड बघताना सगळे वरची डिझाइन बघतात आणि उलटा करून तळ कोणी बघत नाही. उलटा करा. मागच्या टोकाला तळ किंचित वर उचललेला आहे का बघा. तो असला की तुम्ही मागच्या पायावर भार दिलात की बोर्ड मागे बसतो, नोज वर येतं, विंगला कोन मिळतो आणि ती उचलते. टेल पूर्ण सपाट आणि रुंद असेल तर पाणीच तिला खाली बसू देत नाही, तुम्ही मागे कितीही दाबा, नोज वर जात नाही, शेवटी वेगच वाढवायला लागतो. सपाट टेल हा शर्यतीच्या बोर्डात मुद्दाम दिलेला गुण आहे, आपल्या कामात तो अडथळा. टेलजवळ तळाला कोपरे कापलेले असतील तर तेही चांगलं, पाण्याला चिकटणारा भाग कमी होतो आणि बोर्ड सुटतो लवकर.

नोजला थोडा उठाव हवा. हलक्या वाऱ्यात टचडाउन (उडता बोर्ड पाण्याला टेकणं) होणारच, नोजला उठाव असेल तर बोर्ड पाण्याला टेकून परत उसळतो, नसेल तर थांबतो आणि तुम्ही शिडावरून पुढे.

बोर्ड तोच ठेवून काय बदलता येतं

यासाठी पाण्यावरचा एक निवांत दिवस राखून ठेवा, आणि खिशात एक मार्कर.

ट्रॅकवाला बोर्ड असेल तर (दोन समांतर ट्रॅक, मधलं अंतर ९० मिमी, आता बहुतेक प्लेट-माउंट फॉइल यातच बसतं) फॉइल मागे-पुढे सरकतं. आत्ता जिथं आहे तिथं बोर्डावर मार्करने खूण करा. मग एक एक सेंमीनेच सरकवा, एकदम तीन-चार नाही. फॉइल पुढे नेलं की उचल पुढच्या पायाखाली येते, बोर्ड लवकर वर येतो. मागे नेलं की शांत होतो पण उशिरा उठतो. शिडाच्या मास्टचं बूड मागे आणलं तर नोजवरचा दाब कमी होतो, तोही उठायला मदत करतो, पुढे नेलं तर नोज दाबलं जातं.

कुठं थांबायचं ते पाय सांगतात. उडताना नोज वर ठेवायला मागचा पाय सतत दाबून मांडी भरून येत असेल तर उचल कमी आहे, फॉइल पुढे किंवा मास्टचं बूड मागे. उलट पुढच्या पायाने नोज खाली दाबून दाबून गुडघा बोलायला लागला असेल तर उचल जास्त आहे, फॉइल मागे घ्या. दोन्ही पायांवर सारखा भार आणि हात ढिले, ही जागा सापडली की नवीन खूण करा आणि जुनी पुसून टाका, नाहीतर पुढच्या वेळी घोळ होतो.

डीप टटल बॉक्स (फॉइलचं डोकं घट्ट बसणारी खोल खाच) असेल तर फॉइल सरकत नाही. तिथं फक्त शिडाच्या मास्टचं बूड, मागच्या विंगखालचा शिम (कोन बदलायची पातळ पाचर) आणि फ्युजलाज (पुढची-मागची विंग जोडणारा आडवा दांडा) एवढंच हातात राहतं. शिमने मागच्या विंगचा कोन अर्धा अंश जरी बदलला तरी पायाला लगेच कळतं, त्यामुळे इथंही घाई नको. आणि शिमने खूप जास्त उचल काढायला गेलात तर मागची विंग ब्रेकसारखी ओढत राहते, उठता लवकर पण मग कुठे जात नाही. फ्युजलाज आखूड असलं की वळणं झटपट होतात पण नोज खाली-वर व्हायलाही झटपट, लांब असलं की शांत आणि सुस्त. चपळपणा हवा असेल तर आखूडकडे जा, पण जाइब उडत उडत पूर्ण व्हायला लागल्यावर.

वळताना बसतं त्यांच्यासाठी

इथंही आकडाच सांगतो म्हणजे पटेल. सरळ उडताना विंग १०० किलो उचलते. ३० अंश कलून वळलात की तिला ११५ किलोएवढं काम पडतं, ४५ अंशांना १४१. म्हणजे ज्या विंगला सरळ उडायला पावणेआठ नॉट लागतात तिला ४५ अंशांच्या वळणात साधारण सव्वानऊ वेग हवा. तुम्ही ९ नॉटने जाइबमध्ये शिरलात, मधे वेग गेला ८ वर, आणि वळण घट्ट करायचा प्रयत्न केलात, बसणारच. यात बोर्डाचं काय चुकलं.

त्यामुळे जाइबच्या आधी थोडं खाली वळून, वाऱ्याबरोबर, वेग वाढवून घ्या आणि मगच कला. वेग कमी वाटला तर वळण मोठं ठेवा. शिरताना थोडं उंच उडा म्हणजे बसायला वाव राहतो, २० सेंमीवरून शिरलात तर एक चूक झाली की पाणी, ४०-५० वरून शिरलात तर सावरायला वेळ मिळतो. पाय बदलण्याची घाई करू नका, बरेच जण वळणाच्या मधोमध पाय बदलतात आणि तेव्हाच भार मागे जातो, नोज वर, विंग स्टॉल, म्हणजे ती उचलच सोडते. आधी बोर्ड नवीन दिशेला आणा, शीड फिरवा, मग पाय. फुटस्ट्रॅप नसतील तर हे सगळं फार सोपं जातं आणि म्हणूनच हलक्या वाऱ्यात मी स्ट्रॅप न लावणाऱ्यांच्या पक्षात आहे.

विंगचा आकार इथं परत येतो. स्पॅनचा (विंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीचा) वर्ग भागिले क्षेत्रफळ म्हणजे आस्पेक्ट रेशो. १५०० चौरस सेंमीची विंग ९० सेंमी स्पॅनची असेल तर ५.४ येतो, १२० सेंमीची असेल तर ९.६. दोन्ही १५०० च, पण स्वभाव वेगळे. लांब-बारीक विंग वेग टिकवते, शीड रिकामं असतानाही घसरत राहते, त्यामुळे जाइबच्या मधल्या मेलेल्या क्षणात वाचवते. पण ती कलायला आळशी असते आणि कमी वेगात सुटली की एकदम सुटते, सूचना देत नाही. आखूड-रुंद विंग पटकन कलते, हळू वेगातही धरून ठेवते, पण पंप थांबला की वेग मरतो. चपळ वळणांसाठी मी ६ ते ७.५ च्या मधलं काहीतरी सुचवेन. ९-१० च्या वरची विंग घेऊन "बोर्ड वळत नाही" म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांना मी नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणणार नाही, पण अंगण खरंच ठीक आहे.

एवढं करूनही बोर्ड घ्यायचाच असेल तर

७५ किलोचा माणूस, ५ ते ६ चं शीड, १६००-२००० ची विंग. १२०-१३० लिटर, ७२ ते ७८ सेंमी रुंद, दोन मीटरच्या आतबाहेर, टेल उचललेली, ट्रॅकवाला बॉक्स आणि स्ट्रॅपची भोकं आतल्या बाजूलाही असलेला. ट्रॅक असण्यावर मी अडून बसतो कारण पुढे विंग बदलली की फॉइलची जागा बदलावीच लागते.

विंग फॉइलचा (शिडाऐवजी हातात फुगवलेला पंख धरून खेळतात त्या प्रकाराचा) बोर्ड ज्यात शिडासाठी मास्टचं भोक दिलंय असा मिळत असेल तर विचार करायला हरकत नाही, हलक्या वाऱ्यात आणि मोठ्या विंगवर ते फार खेळकर असतात. त्यात बॉक्स बराच पुढे, तुमच्या पायांच्या मधोमध असतो, त्यामुळे मधे उभं राहून सर्फसारखं चालवायचं असतं, हार्नेसमध्ये लटकून नाही. घेण्याआधी शिडाच्या मास्टचं बूड आणि फॉइल यातलं अंतर टेपने मोजा आणि एखाद्या चांगल्या विंडफॉइल बोर्डाशी ताडून बघा. ते फार कमी असेल तर शीड तुमच्या तोंडासमोर येतं आणि नोज आवरत नाही. ७ चं शीड त्यावर लावायचा विचार असेल तर तो बोर्ड तुमच्यासाठी नाही.

जुना फिनचा विंडसर्फ बोर्ड घरात आहे आणि त्याच्याच बॉक्समध्ये फॉइल ठोकायचं डोक्यात असेल तर जरा दम धरा. फिनचा जोर बाजूने येतो. फॉइलचा मास्ट ८०-९० सेंमी लांब, त्याच्या टोकाला सगळं वजन, आणि प्रत्येक पंपला, प्रत्येक टचडाउनला तो बॉक्स मागे-पुढे पिळला जातो. फॉइलसाठी मजबूत केलेला बॉक्स नसेल तर तो आधी कडेने केसासारखा तडकतो, पाणी आत जातं, बोर्ड जड होतो आणि तुम्ही म्हणता हल्ली उठतच नाही. ही तक्रार घेऊन आलेल्याला मी आधी बॉक्सच्या कडा नखाने तपासायला सांगतो आणि बोर्ड वजनकाट्यावर ठेवायला. तड सापडली तर तो बोर्ड पाण्यात घालू नका, पूर्ण सुकवून बॉक्स दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवा.

आणि स्क्रू. फ्युजलाजचे आणि प्लेटचे स्क्रू प्रत्येक वेळी पाण्यात जायच्या आधी हाताने आवळून बघा, ॲल्युमिनियमच्या मास्टमध्ये स्टीलचे स्क्रू असतील तर ग्रीस लावल्याशिवाय घालू नका आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन काढून ठेवा, नाहीतर दोन धातू एकमेकांना खातात आणि स्क्रू तिथंच कायमचा राहतो. एखादा स्क्रू ढिला असला की फॉइल जरासं डुलतं, उडताना खालून बारीक थरथर पायाला लागते आणि लोक शिम बदलत बसतात.